२२ हजारांना घाबरले नाहीत, मग १९ हजारांना का?

विचारणाऱ्या गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा: "धाकट्या भावाच्या मोटरसायकलला ट्रकनं धडक दिली. मांडीचं हाड मोडलं, चार बरगड्या मोडल्या, पोटात रक्तस्राव होत होता म्हणून त्याच रात्री प्लीहा (पोटात डावीकडे असणारा, रक्त गाळणारा अवयव, स्प्लीन) काढावी लागली. पहिल्या दिवशी रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी २२,४०० आल्या. मी घाबरलो, पण डॉक्टर म्हणाले, हे माराचं आहे, काळजी करू नका. तिसऱ्या दिवशी १३,८०० झाल्या. आज सहावा दिवस. पेशी १८,९००, प्लेटलेट २ लाख १० हजार. आता तेच डॉक्टर गंभीर झालेत, कल्चर (जंतू वाढतात का ते पाहण्याची तपासणी) पाठवलंय, अँटिबायोटिक बदललंय. १९ हजार हे २२ हजारांपेक्षा कमीच ना?"

कमीच आहेत. तरीही तुमच्या डॉक्टरांचं दोन्ही वेळचं वागणं मला बरोबर वाटतं. भावाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्याच्या उपचारांबद्दल शेवटचा शब्द त्यांचाच. पण गेली २४ वर्षं मी अपघातातल्या रुग्णांच्या अतिदक्षता विभागात काम करतो आहे, आणि हा प्रश्न आयसीयूच्या दाराबाहेर मला जवळजवळ रोज कुणीतरी विचारतं. घाईत दोन वाक्यांत उत्तर देऊन आत जावं लागतं. इथे सवडीनं सांगतो.

निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात साधारण ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात. त्यातल्या निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल असतात. जंतूंवर पहिल्यांदा तुटून पडणाऱ्या त्याच. पण रक्त काढून मोजल्या जातात त्या फक्त वाहत्या पेशी. जवळपास तितक्याच न्यूट्रोफिल रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतींना टेकून असतात, विशेषतः फुप्फुसांत. सुईत त्या येत नाहीत. गावात दुपारी निम्मी माणसं रस्त्यावर आणि निम्मी ओसरीवर बसलेली असावीत, तसं. कुठे आग लागली, आरडाओरडा झाला की ओसरीवरची सगळी रस्त्यावर येतात. रस्त्यावरची गर्दी दुप्पट दिसते, पण गावात एकही माणूस वाढलेला नसतो.

अपघातात ही हाळी देतं अ‍ॅड्रिनॅलिन. धडक बसल्यापासून काही मिनिटांत ते रक्तात उसळतं आणि भिंतीला टेकलेल्या पेशी सुटून प्रवाहात येतात. पुढच्या काही तासांत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढतं. त्यानं हाडांच्या मगजातलं (अस्थिमज्जेतलं) कोठार उघडतं. हे कोठार फार मोठं आहे. रक्तात फिरणाऱ्या न्यूट्रोफिलच्या दहापट किंवा त्याहून जास्त तयार पेशी तिथे राखीव असतात, आणि शांततेच्या काळातही मगज रोज साधारण १०० अब्ज नव्या न्यूट्रोफिल बनवतो. त्यामुळे रुग्ण आमच्याकडे पोहोचेपर्यंत, म्हणजे अजून एकाही जंतूला जखमेत वाढायला वेळ मिळालेला नसताना, काउंट १८, २०, २५ हजार झालेला असतो. तुमच्या भावाचे २२,४०० हे असे होते. मार किती जबर बसला हे त्यावरून कळतं, इन्फेक्शनबद्दल काहीच कळत नाही.

त्याच पहिल्या रिपोर्टमध्ये आणखी एक ओळ असते, तिच्याकडे नातेवाईकांचं लक्ष जात नाही: लिम्फोसाइट, पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार. एरवी २० ते ४० टक्के असतात, मोठ्या अपघातानंतर ५-७ टक्क्यांवर येतात. इओसिनोफिल हा तिसरा प्रकार तर बहुतेक वेळा शून्य. कॉर्टिसॉलमुळे लिम्फोसाइट रक्तातून बाहेर जातात, आणि पुष्कळशा मरतातही. न्यूट्रोफिलची गर्दी सगळ्यांना दिसते, लिम्फोसाइटचं हे ओसरणं कुणाला दिसत नाही. माझ्या मते पुढच्या बऱ्याच संकटांचं मूळ त्यात असतं. (इओसिनोफिल पुन्हा एक-दोन टक्के दिसू लागले की मला मनातून बरं वाटतं. जुने डॉक्टर याला सुधारणेची खूण मानायचे, आणि मला ती बऱ्याचदा खरी ठरलेली दिसली आहे.)

आता जो भाग मला स्वतःला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटतो, तो सांगतो. जंतू नसतील, तर पांढऱ्या पेशी इतक्या चवताळतात कशावर? नुसतं अ‍ॅड्रिनॅलिन त्यांना रस्त्यावर आणतं, पण लढायला लावत नाही. मोठ्या मारानंतर मात्र त्या खरोखर लढाईच्या तयारीत असतात. याचं उत्तर आपल्याच पेशींच्या पोटात आहे. जवळजवळ प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया असतात. दीड-दोन अब्ज वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज स्वतंत्र जिवाणू होते. दुसऱ्या पेशीत शिरले आणि कायमचे तिथेच राहिले. पण जुन्या घराण्याच्या खुणा अजून गेलेल्या नाहीत. त्यांचा डीएनए जिवाणूंसारखा वर्तुळाकार आहे, आणि त्यांची प्रथिनं ज्या कणानं सुरू होतात तोही जिवाणूंसारखाच. एरवी हे सगळं पेशीच्या आत झाकलेलं असतं. मांडीचा स्नायू चिरडला, हाड फुटलं, की लाखो पेशी फाटतात आणि हा माल रक्तात सांडतो. न्यूट्रोफिलना जिवाणू ओळखायला शिकवलेलं असतं ते नेमक्या याच खुणांवरून. त्यांना वाटतं, शरीरात जंतू घुसले. बॉस्टनच्या कार्ल हाउझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली हे दाखवून दिलं. अपघातग्रस्तांच्या रक्तात मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए निरोगी माणसांपेक्षा हजारो पटींनी जास्त सापडला, आणि तो न्यूट्रोफिलना थेट पेटवतो हेही दिसलं.

म्हणूनच जबर मार लागलेला आणि जंतुसंसर्गानं ग्रासलेला, हे दोन रुग्ण पहिले दोन दिवस पलंगावर अगदी सारखे दिसतात. ताप, धाप, जलद नाडी, वाढलेला काउंट. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी सेप्सिस (जिवावर बेतणारा जंतुसंसर्ग) ओळखण्यासाठी याच चार गोष्टींचे निकष ठरवले होते, त्यात पांढऱ्या पेशी १२ हजारांच्या वर किंवा ४ हजारांच्या खाली हा एक होता. आमच्या विभागात भरती होणारा जवळजवळ प्रत्येक जखमी या निकषांत बसायचा. २०१६ च्या नव्या व्याख्येत ते बाजूला ठेवले गेले, आणि मला वाटतं, ते योग्यच झालं. पहिल्या दिवशीचा काउंट पाहून भारी अँटिबायोटिक सुरू करणं हे मी अजूनही पाहतो. त्यानं जखमीचं भलं होत नाही. आठवड्यानं खरा जंतू येतो तेव्हा तो त्या औषधाला दाद देत नाही. उघड्या हाडाच्या जखमेला किंवा फुटलेल्या आतड्याला अँटिबायोटिक लगेच लागतं. पण ते जखमेकडे पाहून दिलं जातं, काउंटकडे पाहून नव्हे.

पेटलेल्या न्यूट्रोफिल जखमेच्या जागी पोहोचतात तेव्हा चांगलं काम करतात. मेलेला भाग विरघळवतात, शिरलेले जंतू गिळतात. २००४ मध्ये बर्लिनच्या संशोधकांना त्यांची आणखी एक तऱ्हा सापडली: मरताना त्या स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि जंतू त्यात अडकवतात. पू हिरवट दिसतो तोसुद्धा न्यूट्रोफिलमधल्या एका हिरव्या प्रथिनामुळे. अडचण अशी की रक्तात पेटलेली प्रत्येक पेशी जखमेपर्यंत जात नाही. न्यूट्रोफिल ही फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांपेक्षा जाडीनं मोठी असते, एरवी अंग चोरून निघून जाते. चेतवली गेली की ती ताठ आणि चिकट होते, तिथेच अडकते आणि जंतूंसाठी ठेवलेली सगळी दाहक रसायनं फुप्फुसाच्या नाजूक पडद्यावर ओतते. छातीला फारसा मार नसलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अचानक धापू लागतो आणि व्हेंटिलेटरवर जातो, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

तुमच्या भावाच्या मांडीला बाहेरून सळ्या लावून ठेवल्या असतील आणि "रॉड नंतर टाकू" असं सांगितलं असेल, तर त्यामागेही हाच विचार असतो. नातेवाईकांना वाटतं, ऑपरेशन उगाच लांबवताहेत. पण हाडाच्या पोकळीत रॉड ठोकणं म्हणजे शरीराला दुसरा मार. पहिल्या मारानं पांढऱ्या पेशी आधीच तापलेल्या असताना हा दुसरा घाव बसला, तर त्या फुप्फुसांवर उलटू शकतात. म्हणून रुग्ण स्थिर असेल तर रॉड पहिल्याच दिवशी टाकतात. अस्थिर असेल तर दुसरा ते चौथा दिवस शक्यतो टाळून, पाचव्या दिवसानंतर शरीर शांत झालं की टाकतात.

आता सहाव्या दिवसाकडे येऊ, कारण तुमचा खरा प्रश्न तिथे आहे.

पूर्वी आम्हाला असं शिकवलं होतं की आधी दाहाची लाट येते, ती ओसरली की मग प्रतिकारशक्ती खचते. २०११ मध्ये अमेरिकेतल्या अनेक ट्रॉमा केंद्रांनी मिळून जबर जखमींच्या पांढऱ्या पेशींमधल्या जनुकांचा २८ दिवस माग काढला. सुमारे ८० टक्के जनुकांचं काम बदललेलं निघालं. याहून महत्त्वाचं म्हणजे या दोन गोष्टी एकामागून एक होत नव्हत्या, पहिल्या काही तासांपासून एकाच वेळी चालू होत्या. न्यूट्रोफिलची बाजू पेटलेली आणि लिम्फोसाइटची बाजू विझलेली. मोनोसाइट नावाच्या पेशी एरवी जंतूचा तुकडा आपल्या अंगावर मिरवत लिम्फोसाइटना दाखवतात, "हा बघा शत्रू" म्हणून. मोठ्या मारानंतर त्यांच्या अंगावरचे हे हुक कमी होतात. शत्रू दाखवणारा मुका आणि बघणारे गैरहजर. ज्यांची ही स्थिती आठवडाभरात सुधारते ते सहसा बरे होतात. ज्यांची सुधारत नाही, त्यांना न्यूमोनिया, जखमेतला पू, कॅथेटरमधून रक्तात गेलेले जंतू यांपैकी काहीतरी गाठतं.

यात आणखी एक गोष्ट. मगजातलं तयार कोठार दोन-तीन दिवसांत रिकामं होऊ लागतं. मग तो अर्धवट वाढलेल्या पेशी रक्तात सोडतो. आम्ही त्यांना बँड म्हणतो. शाळेतली मुलं फौजेत भरती करावीत, तशा. मोजणीत त्या धरल्या जातात, पण गिळण्याची, मारण्याची ताकद त्यांच्यात कमी. काही तर लिम्फोसाइटना उलट दाबून टाकतात.

हे मी एका चुकीतून शिकलो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत ऊसतोडीचा एक मजूर आमच्याकडे आला होता, ट्रॅक्टरची ट्रॉली अंगावरून गेलेली. पाचव्या दिवशी त्याचा काउंट ५,२०० आला. आदल्या दिवशी १६ हजार होता. मी त्याच्या बायकोला सांगितलं, "काउंट एकदम नॉर्मल झालाय, आता धोका टळला." संध्याकाळी पॅथॉलॉजीतल्या ज्येष्ठ मॅडमचा फोन आला. यंत्राच्या आकड्यावर विसंबून न राहता त्यांनी काचेवर रक्त पसरून दुर्बिणीखाली पाहिलं होतं. निम्म्याहून जास्त पेशी बँड होत्या, त्यांच्यात विषारी कण भरलेले. "मगज संपत आलाय त्याचा," त्या म्हणाल्या, "हा नॉर्मल नाही." रात्री त्याचा रक्तदाब पडला. पोटात पू होता. तो वाचला नाही. सकाळी दिलासा देऊन संध्याकाळी त्याच बाईसमोर उभं राहावं लागलं, ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून पाचव्या दिवसानंतरचा प्रत्येक काउंट मी काचेवरच्या तपासणीसकट मागतो.

तर तुमचे तीन आकडे एका ओळीत ठेवा: २२,४००, मग १३,८००, मग १८,९००. पहिली चढण माराची. मग उतार, तोही अपेक्षित. ही दुसरी चढण मात्र कुणी घडवली? नवा मार नाही, नवं ऑपरेशन नाही. तिथे डॉक्टरांचे कान उभे राहतात. आकडा किती हे दुय्यम, तो उतरत असताना पुन्हा का फिरला हा प्रश्न आहे. सीआरपीचंही, म्हणजे दाह वाढला की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाचंही, असंच. साध्या मारानंतर ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर जाऊन उतरतं. उतरता उतरता पुन्हा चढलं, तर शोधावं लागतं.

तुमच्या भावाच्या बाबतीत एक गुंता आहे: प्लीहा. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांचा बराच साठा तिथे राहतो, म्हणून प्लीहा काढल्यावर इन्फेक्शन नसतानाही काउंट काही आठवडे चढाच राहतो. त्यामुळे नुसत्या १८,९०० वरून निष्कर्ष काढला तर फसगत होईल. पण प्लीहा काढल्यावर प्लेटलेटही वाढायला हव्यात, आणि सहसा चार-पाच लाखांच्या पुढे जातात. प्लीहा काढलेल्या अपघातग्रस्तांवरच्या अभ्यासांत असं दिसलं आहे की पाचव्या दिवसानंतर पांढऱ्या पेशी १५ हजारांच्या वर असतील, आणि प्लेटलेटच्या आकड्याला पांढऱ्या पेशींच्या आकड्यानं भागलं असता उत्तर २० पेक्षा कमी येत असेल, तर इन्फेक्शनची शक्यता बरीच वाढते. तुमचे आकडे घ्या. २,१०,००० भागिले १८,९००. उत्तर ११. डॉक्टर गंभीर होण्यामागे बहुधा हा हिशेब असावा. हे निदान नव्हे, शोध घ्यायला पुरेसं कारण आहे. म्हणून कल्चर, छातीचा एक्स-रे, कदाचित पोटाचा सीटी स्कॅन.

उद्या डॉक्टर भेटले की काउंट किती आला एवढंच विचारू नका. बँड किती आहेत, लिम्फोसाइट वर येताहेत का, कल्चरचं काय झालं, आणि ऑक्सिजन व रक्तदाबाची औषधं कालच्यापेक्षा कमी लागताहेत की जास्त, हे विचारा. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. रुग्ण सुधारत असेल तर १९ हजारांवरही मी शांत झोपतो.

"पेशी कमी करायचं इंजेक्शन नाही का?" असंही विचारलं जातं. दाह स्टेरॉइडनं दाबावा ही कल्पना जुनी आहे. डोक्याला मार लागलेल्या १०,००८ रुग्णांवर ती तपासली गेली, आणि २००४ साली निकाल आला: स्टेरॉइड दिलेल्या गटात मृत्यू वाढले. या पेशी वाईट नाहीत, त्यांच्याशिवाय जखम भरणारही नाही. न्यूट्रोफिलच्या मागोमाग एक-दोन दिवसांत मोनोसाइट जखमेत शिरतात, मॅक्रोफेज बनतात, मेलेल्या न्यूट्रोफिल गिळून टाकतात आणि मग नवी ऊती बांधायचे निरोप धाडतात. १९७० च्या दशकात गिनीपिगवर केलेल्या प्रयोगांत न्यूट्रोफिल काढून घेतल्या तरी स्वच्छ जखम भरली, मॅक्रोफेज काढून घेतल्यावर मात्र ती रखडली.

तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. आत जाताना प्रत्येक वेळी हात कोपरापर्यंत धुवा आणि भेटायला येणाऱ्यांना बाहेर थांबवा, मग मामा असोत की गावचे सरपंच. देवाचा अंगारा आणला असेल तर तो कागदात गुंडाळून उशाशी ठेवायला सिस्टरना सांगा, जखमेजवळ किंवा नळीजवळ नको. आणि प्रथिनं. इतक्या पेशी रोज घडवायला शरीर स्वतःचा स्नायू मोडून कच्चा माल पुरवतं, म्हणून दहा दिवसांत माणूस काडीसारखा होतो. अशा रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सव्वा ते दोन ग्रॅम प्रथिनं लागतात. आधी ती नळीतून आहारतज्ज्ञांच्या हिशेबानं जातील. तोंडानं खाऊ लागला की अंडी, डाळ, दूध, पनीर, मांसाहार चालत असेल तर मासे, चिकन. आपल्याकडे अंड्यानं, वांग्यानं, भातानं जखमेत पू होतो असं मानून जखमीला पेजेवर ठेवतात. हे कृपा करून करू नका. पू जंतूंमुळे होतो, आणि उपाशी माणसात तो अधिक होतो.

तो घरी येईल तेव्हाची एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवा. प्लीहा नसलेल्याला न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब या तीन जंतूंच्या लसी घ्याव्याच लागतात, साधारणपणे ऑपरेशननंतर १४ दिवसांनी, आणि फ्लूची दरवर्षी. डिस्चार्जच्या गडबडीत हे राहून जातं, म्हणून तुम्हीच विचारा. पुढे आयुष्यभर त्याला थंडी वाजून ताप आला तर "उद्या बघू" चालणार नाही, त्याच तासाला दवाखाना. कुत्रा चावला तर रेबीजच्या इंजेक्शनाबरोबर अँटिबायोटिकही लगेच हवं, कारण कुत्र्याच्या लाळेतला एक जंतू प्लीहा नसलेल्यांना फार वेगानं ग्रासतो. मलेरियाही त्यांना जास्त तीव्र होतो, मच्छरदाणी हवीच. "माझी प्लीहा काढलेली आहे" असं तारखेसह लिहिलेलं कार्ड डॉक्टरांकडून सही-शिक्क्यानिशी घ्या आणि त्याच्या पाकिटात आधार कार्डाच्या पुढे ठेवा. बेशुद्धावस्थेत कुणी पाकीट उघडलं, तर आधी ते दिसायला हवं.